पॉलिनबाईंचा दुमिंग

निर्मळच्या पॉलिनबाईंना मूलबाळ नव्हतं, पण घरात एक पोर होतं. चार पायांचं. एकोणऐंशी साली त्यांची शेळी विताना मेली आणि मागे एक नर करडू राहिलं. रविवारचा जन्म, आणि पोर्तुगीजांचा रविवार म्हणजे दुमिंग, म्हणून बाईंनी त्याचं नाव तेच ठेवलं. दोन घरं पलीकडच्या दुमिंगकाकांनी तेव्हापासून त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं नाही.

करडू बाटलीने दूध प्यायचं आणि चुलीजवळ गोणपाटावर झोपायचं. मागे गोठ्यात दोन बोकड होते. नवरा इग्नेशियस केळीची वाडी करायचा, बोलायचा मोजकं. तो म्हणाला, "पॉलिन, त्याला त्या दोघांत सोड. चार टकरा खाईल, शहाणा होईल."

"तुम्ही माझ्या भावांच्या टकरा खाल्ल्यात. झालात शहाणे?"

इग्नेशियस कोयता घेऊन वाडीत गेला.

आल्यागेल्यापुढे दुमिंगचं कौतुक चाले. बाईंनी त्याच्या कपाळाला तळहात लावायचा, त्याने तो ढकलायचा. एकदा फादरनीही हसत हसत त्याच्याकडून स्वतःला ढकलून घेतलं. दीड वर्षात त्याच कपाळावर वीतभर शिंगं आली. खेळ मात्र तोच राहिला, कारण दुसरा कुणी शिकवलाच नव्हता.

एका सकाळी इग्नेशियस बावखलाच्या पायरीवर वाकून, तळ्याच्या पाण्यात कोयता धूत होता. दुमिंग लाडात आला. मागून धडक बसली आणि इग्नेशियस दगडी पायऱ्यांवरून खाली गेला. खुबा मोडला. महिनाभराने इस्पितळातून त्याला खाटेवर घालूनच घरी आणलं.

"खाटकाला द्या," सगळे सांगू लागले. बाई म्हणायच्या, "मुकं जनावर, त्याला काय कळतं!" आणि लगेच, "त्याला सगळं कळतं हो!" शेवटी त्यांनी दुमिंगला गोठ्यात घातलं. फार उशीर झाला होता. बोकड आधी मागच्या पायांवर उभा राहून दम देतो, समोरच्याने मान वळवली की भांडण मिटतं. दुमिंगला हे ठाऊकच नव्हतं. शेजाऱ्याकडे जावं तसा तो सरळ त्यांच्यापुढे गेला. कान फाटला, एक डोळा गेला. मग कुडाच्या फटीत तोंड घालून, घराकडे बघत तो ओरडत राहिला.

एक दिवस कूड मोडून तो घरात घुसला आणि इग्नेशियसच्या खाटेला शिंगं लावून ढकलू लागला. इग्नेशियसची किंकाळी रस्त्यापर्यंत गेली.

बाईंनीच खाटकाला निरोप धाडला.

सोपाऱ्याहून जाफरभाई जाड दोर घेऊन आला. "बाय, आत जा. बोकड पाय रोवतात, ओरडतात. बघवत नाही."

दुमिंगने पाय रोवले नाहीत. माणूस बघून तो आपणहून पुढे झाला आणि जाफरभाईच्या सायकलीशेजारून, दोर सैल ठेवून, गप्पा मारत निघाल्यासारखा गेला.

"ओरडला नाही?" इग्नेशियसने आतून विचारलं.

"नाही. त्याला वाटलं, आपलंच कुणी न्यायला आलंय."

बाई उंबऱ्यावरच बसल्या. बराच वेळ त्या उठेनात, तेव्हा इग्नेशियस म्हणाला, "तू बस. चहा मी करतो." त्याला तर कुशीवरही वळता येत नव्हतं.