राखाडी अक्षरं

विद्यापीठातल्या सगळ्या पाट्या गेल्या वर्षी मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी केल्या. पांढऱ्या भिंतीवर बारीक, फिकट राखाडी अक्षरं. पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम त्या वाटेने नेत असे.

परवा त्याच भिंतीसमोर एक वयस्कर गृहस्थ उभे होते. खांद्यावर गादीची वळकटी, हातात स्टीलची बादली. मुलगी प्रवेशाच्या रांगेत होती आणि ते तिचं सामान ठेवायला निघाले होते.

"ताई, मुलींचं होस्टेल कुठंशी आलं?"

"तुमच्यासमोरच तर पाटी आहे," मी जरा ताठ्यातच म्हणाले.

ते भिंतीच्या अगदी जवळ गेले आणि बोट फिरवत एकेक अक्षर लावू लागले. मग ओशाळून हसले. "हाय की! माझीच नजर अधू झालीया. लिवणाऱ्यानं बिचाऱ्यानं लिवलंय."

मला मान वर करवेना. वर्षभरात किती जण इथे असे चुकले असतील आणि स्वतःच्याच डोळ्यांना दोष देत गेले असतील! आणि आम्ही मात्र त्या भिंतीचे फोटो काढत होतो.

मी त्यांच्या हातातली बादली घेतली आणि होस्टेलपर्यंत सोबत गेले. फाटकाशी त्यांनी हात जोडले. "लई उपकार झाले. तुमी हितं काय शिकवता?"

अक्षरांतून आणि चित्रांतून माणसांशी कसं बोलावं, हे मी पंधरा वर्षं शिकवते आहे. पण ते सांगायला जीभ रेटेना.

"चित्रं काढायला," मी म्हणाले.