पान उलटल्याचा आवाज

माझ्या आत्याने आयुष्यात एकाही मुलावर हात उगारला नाही. तिला गरजच पडली नाही. ती नुसती तुमच्याकडे बघायची आणि म्हणायची, "तू झाड हो." फणसवाडीतल्या आमच्या चाळीत गणपतीच्या नाटकात झाड झालेल्या दोन पिढ्या आज मुंबईभर पसरल्या आहेत. कुणी डॉक्टर आहे, कुणी बँकेत साहेब आहे, पण आत्या समोर आली की सगळ्यांचे हात आपोआप फांद्यांसारखे बाजूला होतात.

मला तिने झाडसुद्धा केलं नाही. चौथीत असताना मी तिच्यापुढे एक अख्खं भाषण म्हणून दाखवलं होतं, हातवारे करून, शेवटी डोळ्यांत पाणीही आणून. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "पाठांतर चांगलं आहे. विंगेत बस."

झालो प्रॉम्प्टर! म्हणजे रंगमंचाच्या डावीकडे, पडद्याआड स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर घ्यायची आणि नट अडला की पुढचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचवायचा, प्रेक्षकांच्या कानापर्यंत मात्र जाऊ द्यायचा नाही. शाळा संपेपर्यंत मी हेच केलं. एका वर्षी माझा आवाज पहिल्या रांगेत ऐकू गेला. प्रयोग संपल्यावर आत्या सगळ्या चाळीसमोर म्हणाली, "आज आपल्या नाटकात एक पात्र जास्त होतं. कुणाला आवडलं का?" कुणालाच आवडलं नव्हतं. माझ्या आईलासुद्धा.

नाटक दर वर्षी एकाच कादंबरीतून काढलेलं असायचं. गावोगाव फिरणाऱ्या बालनटांच्या कंपनीची गोष्ट. तिच्यात राजाचं काम करणारी एक दांडगट मुलगी होती, हुकमी रडणारी जुळी भावंडं होती आणि सोन्याच्या गळ्याचा एक पोरगा होता. भर प्रयोगात त्याचा आवाज फुटतो आणि तो सगळ्या कंपनीला उद्देशून निरोपाचं भाषण करतो. चौथीत मी आत्यापुढे म्हटलं होतं ते हेच. आम्हा चाळीतल्या पोरांना त्या पुस्तकाचं वेड होतं. गॅलरीत कपडे वाळत घालताना आमच्या बहिणी त्यातले संवाद एकमेकींच्या अंगावर फेकायच्या.

मग एवढ्या वर्षांनी, गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. चाळ पाडून पुन्हा बांधताहेत म्हणून ती सध्या परळला एका टॉवरमध्ये राहते. डोळे जवळजवळ गेलेत, जीभ शाबूत आहे.

"तू हल्ली माईकवर बोलतोस म्हणे?"

"निवेदन करतो, आत्या. दादरला मोठे मोठे कार्यक्रम असतात."

"मग ये आणि ते पुस्तक वाचून दाखव. आवाज घरचाच आहे, वाया कशाला घालवायचा?"

मी पुस्तक नवीन घेतलं. मुखपृष्ठावरची पोरं आता केसांच्या तेलाच्या जाहिरातीतल्यासारखी दिसतात. घरी आरशासमोर दोन प्रकरणं वाचून बघितली. खोटं कशाला सांगू, मी नाटकी माणूस आहे. लग्नात, बारशात, कुणी गेल्यावर शोकसभेतसुद्धा मला बोलायला उभं करतात आणि बायका पदर डोळ्याला लावतात. पन्नाशी उलटलेल्या मला त्या एका बाईच्या तोंडून एकदाच 'बरं वाचलंस' एवढं ऐकायचं होतं. तेही लवकर. कारण तिचं काही खरं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी तिच्या पलंगाच्या उजवीकडे बसलो. तिने हाताने हवा झटकली. "तिकडे नको. इकडे, डावीकडे." मी खुर्ची फिरवली आणि सुरू केलं. पानभर झालं नसेल, तिने हात वर केला.

"हे काय आहे?"

"वाचतोय."

"वाचत नाहीयेस, लग्नाचं निमंत्रण देतोयस. मेल्या, तो पोरगा उपाशी आहे. तुझ्या आवाजात श्रीखंड-पुरी दिसतेय."

आत्याला सांभाळायला वरळीहून एक ताई येतात. त्या पायाशी बसून भाजी निवडत होत्या, त्या फिस्सकन हसल्या. मला संताप आला आणि आनंदही झाला. चाळीत असती तर हे ऐकायला चाळीस माणसं असती, इथे एकच होतं!

रोज दुपारी मी जात राहिलो. रोज माझी सालं निघत राहिली. राजाचं काम करणारी मुलगी मी वाचली तर आत्या म्हणाली, "ही मिशी काढून बोलतेय." जुळी भावंडं वाचली तर म्हणाली, "दोघांनाही सर्दी झालीय का?" ताईंना मात्र गोष्ट मालिकेसारखी लागली होती. "आजी, त्या पोराचं काय होतं हो पुढे?" असं त्या दार उघडतानाच विचारायच्या.

त्या पोराचं काय होतं ते मला लहानपणापासून माहीत होतं, असं मला वाटत होतं. आवाज फुटतो, मग कंपनीचे मास्तर त्याला शाल पांघरतात, हातात नारळ देतात आणि बैलगाडीत बसवतात. दहाव्या वर्षी मला तो सत्कार वाटायचा. त्या शालीसाठी मी झुरलो आहे. आता घरी आधी वाचून ठेवताना लक्षात आलं की गाडी कुठे चालली आहे हे लेखकाने कुठेही लिहिलेलं नाही. मास्तर गाडी हलायच्या आत पुढच्या पोराचा गळा तपासायला आत जातात. मी पुस्तक मिटून मोठ्याने हसलो. ज्या पुस्तकावर आम्ही जीव टाकला, त्यात अख्खी कंपनी मिळून एका पोराला नारळ देत होती, आणि आमच्या आत्याने ते दर वर्षी गणपतीपुढे टाळ्यांच्या गजरात करून दाखवलं होतं!

आत्याला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग? तुला काय वाटलं होतं, पेन्शन देतात?"

शेवटी ते प्रकरण आलं. मी खाकरलो, आवाज खाली आणला, उपाशी केला. पण पहिलं वाक्य पुरं होण्याआधीच आत्या उशीवरून उठून बसली. भाषण ती स्वतःच बोलायला लागली. डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी नजर समोरच्या भिंतीपलीकडे, शेवटच्या रांगेवर. आवाज कापत होता, पण तो त्या पोराचा कापत होता, म्हातारीचा नाही. ताईंच्या हातातली गवार हातातच राहिली. माझी संधी गेली, कायमची. मी बोट ओळीवर ठेवून बसलो.

"मंडळी," आत्या म्हणाली, "गळा कंपनीचा होता, तो कंपनीने ठेवून घेतला."

आणि थांबली.

हा विराम नव्हता. नटाचा विराम मला अंधारातही ओळखू येतो. तिची मान किंचित डावीकडे कलली. नजर समोरच होती, फक्त कान माझ्याकडे आला. अडलेला नट विंगेकडे कलतो तसा.

मी गप्प बसलो.

काय सांगू, काय सुख होतं! विंगेत इतकी वर्षं काढली, पण त्या स्टुलावर बसणाऱ्याच्या हातात एवढं असतं हे मला कधी कळलंच नव्हतं. पुढची ओळ माझ्या जिभेवर होती, लिमलेटच्या गोळीसारखी, आणि मी ती चघळत होतो. ताई काहीतरी बोलणार होत्या, मी ओठांवर बोट ठेवलं.

"कंपनीने ठेवून घेतला," आत्या पुन्हा म्हणाली. जरा लहान आवाजात. "ठेवून घेतला..." हात चादरीवर काहीतरी शोधायला लागला. चेहऱ्यावरून पोरगा गेला, मग आत्याही गेली, आणि तिथे मला अनोळखी अशी एक म्हातारी बसलेली राहिली. तिला आपण कुठे आहोत ते माहीत नव्हतं. ताईंना तो अभिनय वाटला. त्या रडायला लागल्या.

मला दया वगैरे आली असं कुणी समजू नये. येत असलेलं वाक्य तोंडात धरून ठेवणं मला आजवर कधी जमलेलं नाही, एवढंच. ओठ न हलवता, श्वासावर, मी शब्द सोडला.

"मी माझे..."

"मी माझे पाय तेवढे घेऊन जातो!" आत्या कडाडली. मान सरळ झाली. उरलेलं भाषण तिने एका दमात संपवलं आणि उशीवर टेकली.

ताईंनी टाळ्या वाजवल्या. "आजी, एक शब्द चुकला नाही हो!"

"चुकेल कशाला?"

"मला वाटलं दादा मधे काही बोलले."

"हा?" आत्या म्हणाली. "छे! हा नुसता बसला होता."

मी पुस्तक मिटलं. चपला घालून दारापर्यंत पोचलो, तेव्हा मागून आवाज आला.

"उद्या पुन्हा पहिल्यापासून. मी बोलेन. आणि येताना पुस्तक आणू नकोस."

"मग मी काय करू?"

"तुला सगळं पाठ आहे. पान उलटलं की आवाज होतो."

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातांनी गेलो. ताईंनी खुर्ची आधीच डावीकडे ठेवली होती.