माप घ्यायला घरी

शिवणकाम करणाऱ्या ताईंनी कापड बेतायच्या टेबलावर खडूने पाच दवाखान्यांचे नंबर लिहिले होते. धाकट्या भावाच्या नैराश्यावर एकही गोळी लागू पडेना, म्हणून डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे सुचवला होता. चार ठिकाणी तो मिळतच नव्हता. ते नंबर ताईंनी पुसून टाकले. पाचव्या ठिकाणची बाई फोनवर म्हणाली, "मिळतो, पण नाव नोंदवायला पेशंटने स्वतः यायचं."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, तो दोन महिने अंथरुणातून उठलेला नाही!"

"नियम आहे."

"नियम माझाही आहे, मापाला दुकानात यायचं. पण ज्याला उठवत नाही, त्याच्या घरी मी टेप घेऊन जाते. आणि मी नुसते कपडे शिवते हो! तुम्ही माणसं बरी करता ना?"