सुपाबाहेर टाकलेले तीन ठिपके

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगते, नाहीतर मी परत ती फाइल उघडून बसेन.

मी एमएस्सी करतेय, फिजिक्स. प्रोजेक्ट काय, तर दूरचे ग्रह शोधायचे, पण ग्रह न बघता! एक तारा दुसऱ्याच्या बरोब्बर समोरून गेला ना, की पुढच्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्याचा उजेड वाकतो आणि तो काही दिवस जास्त चमकतो, भिंगातून बघितल्यासारखा. पुढच्याला ग्रह असेल तर त्या चमकेवर अजून एक छोटीशी उसळी. काही तासांचीच. झकास ना? पण चान्स एकच. ते दोघं परत तसे एका रेषेत येत नाहीत.

दुर्बीण चिलीत. तिकडे रात्र, तेव्हा मालाडच्या आमच्या कोळीवाड्यात सकाळ. त्या दिवशी लक्ष ठेवायची पाळी माझी. ग्राफवर नवे ठिपके पडत होते, शेजारी आई सुका जवळा निवडत होती. माझा एक हात सुपात, एक लॅपटॉपवर. लहानपणापासूनची सवय, वेगळं दिसलं की काढायचं: खडा, शिंपला, भलताच मासा. ग्राफवर तीन ठिपके रेषेच्या वर उडाले. कॅमेऱ्याची गडबड असेल म्हटलं. टिक, टिक, टिक. तिन्ही बाद.

संध्याकाळी सरांचा फोन. "तीन पॉइंट तू उडवलेस?"

"सर, खराब वाटले."

"तिन्ही एकाच बाजूला खराब? गडबड असती तर काही वर, काही खाली पडले असते. अगं, तेव्हाच कळवलं असतंस तर बाकीच्या दुर्बिणी तिकडे वळवल्या असत्या."

ठिपके फाइलीत परत आले, पण तोवर उसळी संपलेली. नुसत्या तीन ठिपक्यांवर ग्रह सिद्ध होत नाही. सर ओरडले पण नाहीत यार. रिपोर्टमध्ये फक्त लिहिलं, "कदाचित."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग परत कवा येल तो?"

"कधीच नाही गं."

"मंजे हाय तिथंच, पन आपल्याला दिसनार नाय." एवढं बोलून तिने सुपाबाहेर टाकलेला ढीग उगाचच पुन्हा चाळला.

आता मीही आधी तो ढीगच बघते. डोळे मिटले की तेच तीन ठिपके, एकावर एक चढत जाणारे. तिकडे एक अख्खं जग फिरतंय. ते एकदा दिसलं, तेव्हा बघणारी मी एकटीच होते, आणि मीच ते कचऱ्यात टाकलं.

तुमच्याकडून झालंय का असं? एकदाच समोर आलेलं काहीतरी, तुम्हीच निवडून फेकलेलं? सांगा ना.