फ्लेक्सवर माझ्या जागी गुलाबाचं फूल

थांबा, हे आत्ताच सांगते, न्हायतर पोटात मावायचं न्हाय! आमच्या येरमाळ्यात एका हिरोचं फॅन मंडळ हाय. त्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर सगळ्या मेंबरांचे फोटो. मंडळात आमी तिघी पोरी. इन्स्टा तर मीच चालवते. पण दरवर्षी आमच्या नावावर फोटोऐवजी गुलाबाचं फूल! पोरींचा चेहरा चौकात नको म्हणं.

यंदा फ्लेक्सच्या दुकानातच मी अध्यक्षांना गाठलं. "दादा, फूल काढा. फोटो लावा."

"अगं, तुझ्या घरचे माझ्या दारात येतील भांडायला!"

"विचारलं का कधी त्यांना?" म्हणत मी तिथंच आईला स्पीकरवर फोन लावला. "आई, चौकातल्या फ्लेक्सवर माझा फोटो लावू का?"

"लाव की. पण आधारवरचा नको, त्यात लई रडकी दिसतीस."

सगळं दुकान हसलं. दादा म्हणले, "बरं बाई, लावू तुझा."

"माझ्या एकटीचा न्हाय, तिघींचा."

दुसरीच्या घरचे लगेच व्हय म्हणले. तिसरीच्या वडलांनी फोनच कापला. म्हणून आज संध्याकाळी आईला घेऊन त्यांच्या घरी चाललेय. तवर फ्लेक्स छापायचा न्हाय, दादांना सांगूनच आलेय.

तुमच्यासोबत झालंय का असं कधी? मग तुम्ही काय केलं?