चिकटलेला भाग

देव चराचरात भरलेला आहे, असं म्हणतात. भंडाऱ्याच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर मात्र एकच बाकडं होतं, आणि तेही डुगडुगत होतं. बायकोच्या पित्ताशयातल्या खड्यांसाठी आम्ही करडीहून आलो होतो. आत जाताना ती म्हणाली, “गावच्या मातामायचं नाव घेत राहा. अन् तिच्याशी वाद नका घालू.” लोकांच्या आरतीतल्या चुका काढण्यात माझा जन्म गेला. आता नाव घ्यायला गेलो, तर स्वतःच्याच उच्चारातल्या चुका काढत बसलो.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला कोंढ्याची एक बाई मांडीवर थर्मास घेऊन बसली होती. नवऱ्यासाठी पेज घेऊन आली, तोवर तो वारला होता. आता त्याला गावी नेण्यासाठी गाडीची वाट पाहत होती. “रोज मीठ मागत होते,” ती म्हणाली. “डाक्टरनं बंद केलं होतं न.”

तेवढ्यात सर्जन बाहेर आले. पित्ताशय यकृताला घट्ट चिकटलं होतं. दुर्बिणीनं पुढे जाणं धोक्याचं. पोट उघडून सगळं काढायला गेलं तर पित्तनळीला इजा होऊ शकत होती. नाहीतर खडे काढून चिकटलेला भाग तिथेच ठेवायचा. तो पुढे कधीतरी त्रास देऊ शकतो. “तुमचं काय म्हणणं?” जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं म्हणणं असतं. त्या वेळी नव्हतं.

“सांगा न भाऊ,” बाई हळूच म्हणाली. “तुमाले इचारून तरी राहिले. मले तं सगळं झाल्यावरच सांगतलं.”

“जे सुटत नाही, ते राहू द्या,” मी म्हणालो. पूर्ण विजयाचा हट्ट मी आयुष्यात पहिल्यांदाच सोडला. शरण जाणं म्हणतात ते बहुधा हेच असावं. मला वाटलं होतं, त्याला टाळ-मृदंग लागतात.

गाडी आली. “सकाळपासून उपाशी दिसता,” म्हणत तिनं थर्मास माझ्या हातात दिला आणि ती गेली. मी नावही विचारलं नाही.

बायको वाचली. बाकड्यावर मातामायच येऊन बसली होती, असं ती सांगते. मी वाद घालत नाही. फक्त, नवऱ्याला घरी न्यायला मातामायला गाडीची वाट पाहावी लागत असेल, असं मला वाटत नाही. संध्याकाळी दिव्यापुढे हात जोडतो, तेव्हा आधी कोंढ्याची ती बाई आठवते.

त्या दिवशी बायकोला बाहेर आणल्यावर थर्मासमधली ती पेज मी तीर्थासारखी, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. तिच्यात मीठ नव्हतं.