दोर ओढणाऱ्यांचं पान

हजिऱ्याच्या बंदरावरून सुरतेला येणाऱ्या बसमध्ये एक माणूस माझ्या शेजारी बसला होता. मी मराठीत आलेली एक जुनी समुद्रकादंबरी वाचत होतो आणि तोही बाजूने वाचू लागला. मी पान उलटणार, तेवढ्यात त्याने त्यावर अंगठा ठेवला. "थांबा जरा."

त्या पानावर वादळ नव्हतं, कप्तान नव्हता. खलाशी भिजलेला दोर ओढत होते, एवढंच होतं.

तो दापोलीकडचा, मालवाहू बोटीवरचा खलाशी. त्याची बोटं पुरती उघडत नसत, दोर धरल्यासारखी अर्धी मिटलेलीच राहत.

"घरची विचारते, बोटीवर तुम्ही करता तरी काय? मला सांगता येत नाय," तो म्हणाला. मग त्याने घरी फोन लावून माझ्यापुढे धरला. "हे तिला वाचून दाखवता?"

मी सावकाश वाचलं. कुठल्या देशातला, कधीचा तो लेखक. पण दोराने सोललेले तळहात लिहायला तो विसरला नव्हता. 

"फोन त्यांच्याकडे द्या," पलीकडून ती म्हणाली.

त्याने फोन कानाला लावला, नुसतं ऐकलं.

"नाय गो," तो हळूच म्हणाला, "आता नाय दुखत." आणि त्याने तोंड खिडकीकडे वळवलं.